जुसोहने लावलेली जाळी

पेराक प्रांतातल्या चुनखडीच्या डोंगराखाली जुसोहची दुरियान या काटेरी फळाची अकरा झाडं होती. मोहर आला की दिवेलागणीला गुहेतली वटवाघळं त्यावर तुटून पडत आणि सकाळी झाडाखाली पाकळ्यांचा सडा दिसे.

"फुलं खातात मेली!" म्हणत त्याने फांद्यांमध्ये जाळी बांधली.

"अहो, पाकळ्या दरवर्षीच गळतात," बायको हलिजा म्हणाली. त्याने ऐकलं नाही. जाळ्यात अडकलेलं प्रत्येक वटवाघूळ तो काठीने मारी. तीन मोसमांत गुहा ओस पडली.

मोहर येतच राहिला, फळ मात्र धरेना. शेतकी खात्याच्या बाई झाडं बघायला आल्या. "काका, वटवाघळं फक्त मध पितात. त्यांच्या अंगाला लागलेला पराग दुसऱ्या झाडाला मिळतो, तेव्हा कुठे फळ धरतं."

त्या दिवशी जुसोह जेवला नाही. जाळी त्याने जाळून टाकली, पण वटवाघळं परतली नाहीत. सत्तरीतला जुसोह मग मोहरात रोज संध्याकाळी, एका झाडाचा पराग दुसऱ्याच्या फुलांना लावायला, कुंचला घेऊन झाडावर चढू लागला.

"उतरा हो, पडाल!" हलिजा खालून ओरडे.

"एवढी फांदी होऊ दे गं."

यंदा नऊ फळं लागली. पहिलं त्याने फोडून हलिजापुढे ठेवलं.

"गोड आहे. घ्या ना."

त्याने हात पुढे केला, पण गर तोंडापर्यंत नेववेना.