पांढरं तेल आणि अण्णाची बरणी

आमच्या कल्याणच्या वॉशिंग सेंटरचा पंप त्या खंडेनवमीला जळला तो अण्णामुळे नाही, माझ्यामुळे. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही; बायकोला नाही, वहिनीला नाही आणि अण्णाला तर नाहीच. गेल्या महिन्यात टिटवाळ्याहून वहिनीचा फोन आला, "भाऊजी, हे उठतच नाहीयेत," तेव्हा रडू यायच्या आधी मनात आलं ते हेच, की आता सांगायचं राहिलं...

अण्णा माझा चुलतभाऊ, वयाने बराच मोठा, सेंटरमध्ये भागीदार. आणि खरं सांगतो, माणूस म्हणजे डोक्याला ताप. गाड्या धुण्यात त्याला काडीचा रस नाही, सगळा जीव त्या प्रेशर पंपात. पंपाच्या पोटातलं तेल दर अमावस्येला बदलायचं हा त्याचा नियम. का, तर तारीख माणूस विसरतो, अमावस्या घरातली बाई विसरू देत नाही. आधी पंप थोडा चालवायचा, म्हणजे तेल कोमट होऊन घाणीसकट खाली उतरतं. मग ते जुनं तेल लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरून पुढच्या अमावस्येपर्यंत फळीवर ठेवायचं. काळपट असलं तर ठीक. ताकासारखं पांढरं झालं तर सील गेलं, आत पाणी शिरतंय, पंप खोलायचा. पंपाला तेल दिसायची एक गोल काच असते, तिच्यावर त्याने वहिनीच्या नेलपॉलिशने लाल रेघ ओढलेली. मी घरी जेवायला बसलो रे बसलो की फोन.

"विजू, काचेत बघितलंस?"

"बघितलं रे बाबा."

"रेघेवर आहे की खाली?"

"अण्णा, भात गार होतोय."

"भात परत गरम करता येतो. पंप एकदा गरम झाला की..." पुढचं मला पाठ होतं.

बाहेर गिऱ्हाइकं हॉर्न वाजवतायत आणि हा बरणी उन्हात धरून उभा. "तीर्थ आहे का ते?" मी एकदा वैतागून विचारलं. "असतं तर तुला दिलं नसतं," म्हणाला, आणि परत बरणीकडे बघायला लागला.

सर्वपित्रीला तो श्राद्धासाठी घरी थांबला, म्हणून तेल माझ्याकडे आलं. बूच काढलं, तर पांढरं. सील बदलायचं म्हणजे पंप उघडून बसायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून नवरात्र. दसऱ्याआधी कल्याणातली एकूण एक रिक्षा धुऊन निघते. मी ते तेल भंगारवाल्याच्या डब्यात ओतलं, नवीन भरलं. "कसं होतं?" अण्णाने विचारलं. "नेहमीसारखं." "मग बरणी रिकामी का?" "सांडलं." चिडला, पण त्याला ते खरं वाटलं. दोन-तीन दिवसांत काच पुन्हा दुधाळ, तर मी तो यायच्या आत परत तेल बदललं. मग परत. ज्याच्या तेल बदलण्याला मी आयुष्यभर वैतागलो, त्याच्या कितीतरी पट तेल मी त्या नवरात्रात चोरून बदललं.

खंडेनवमीला, गळ्यात झेंडूची माळ घातलेला पंप भर दुपारी करकरला आणि जाम झाला. रिक्षांची रांग पार रस्त्यापर्यंत. अण्णाने बूच उघडलं. बोटाला पांढरा फेस. तो ओरडला नाही, तेच वाईट. "सकाळी मी स्वतः काच बघितलेली रे," एवढंच म्हणाला. "मला स्वच्छ दिसली." तेव्हा बोलायला हवं होतं. मी रिक्षावाल्यांना समजवायला बाहेर गेलो.

नंतर त्याने डोळे तपासून घेतले. नजर चांगली आहे म्हटल्यावर डॉक्टर बदलला. दुसराही तेच म्हणाला, तरी हा ऐकेना. "हातभर अंतरावरचं दिसलं नाही, आंबिवलीच्या वळणावर समोरचा ट्रक काय दिसणार?" असं म्हणत टिटवाळ्याहून रोज यायची-जायची स्कूटर विकून टाकली. त्याच स्कूटरवर मागे बसून वहिनी बाजारात जायची, माहेरी जायची. काच बघायचं काम माझ्यावर आलं, फोन बंद झाले. भात गरम मिळायला लागला. घरात मात्र त्याचा किस्सा झाला. बारसं असो, लग्न असो, "अण्णाने नवमीला पंप जाळला." अण्णाही हसायचा. मीही हसायचो. आणि आता मला त्याचाच राग येतो... एवढा चिकित्सक माणूस, स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतलास, माझ्यावर का नाही घेतलास? रिकाम्या बरणीवरून एकदा, फक्त एकदा खोदून विचारायचं होतंस रे. मी बोललो असतो. निदान मला तसं वाटतं.

तेराव्याला तो किस्सा पुन्हा निघालाच. वाढता वाढता वहिनी थांबली. "डोळ्यांनी दगा दिला हो," म्हणाली, "नाहीतर ते चुकणारे नव्हते." मी पानावर भात वाढून घेतला.

परवा अमावस्या झाली. मी पंप चालवून तेल कोमट केलं, उतरवलं, बरणीत भरलं आणि उन्हात धरलं. बाहेर एकाने हॉर्न वाजवला, मी हललो नाही. तेल काळपट होतं, नेहमीसारखं. या वेळी खरोखरच. बरणी फळीवर तिच्या जागी ठेवली आणि उगाच फोनकडे पाहिलं.

अण्णाचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. हे लिहिलेलं छापून यायच्या आधी टिटवाळ्याला जाऊन मला ते वहिनीला सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.