गोठ्याबाहेर खाकरणारे आबा

आबा गोठ्यात शिरण्याआधी दारात थांबून खाकरत. लेकीसुनांच्या घरात वडीलधारा माणूस आवाज देऊन पाऊल टाकतो ना, अगदी तसं. मी त्या फार्मवर पशुवैद्यक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. मला हसू आलं. म्हटलं, ‘‘आबा, आत गाई आहेत, सुना नाहीत.’’ आबांनी चपला बाहेर काढल्या आणि शांतपणे म्हणाले, ‘‘डॉक्टरीनबाई, बायामानसांच्या घरात न सांगता जाऊ न्हाई. आन् गाय दचकली की पान्हा चोरती.’’ यातलं दुसरं वाक्य माझ्या पुस्तकात होतं. पहिलं समजायला बराच काळ गेला.

शेवगावच्या बाजूला कोरड्या रानात ते जुनं सरकारी फार्म आहे. इंग्रजी अमलात खिलार जनावरांच्या पैदाशीसाठी बांधलेले काळ्या दगडाचे लांबलचक गोठे, उंच छप्पर, वारा खेळायला वर झरोके. दगडी गव्हाणींच्या कडा गाईंच्या मानांनी घासून गुळगुळीत झालेल्या. आबा या गोठ्यांचे मुकादम. त्यांचे वडीलही तिथंच राबले. मध्ये कधीतरी शेजारी पत्र्याची नवी शेड उभी राहिली. उन्हाळ्यात दुपार तापली की तिथल्या गाई दावं तोडून दगडी गोठ्याकडे पळायच्या. आबा त्यांना परत आणत नसत. ‘‘बांधायच्या आधी गाईला इचारायचं हुतं,’’ एवढंच म्हणत.

पैदास म्हणजे आबांच्या लेखी सोयरीक होती. कुठल्या गाईला कुठला वळू दाखवायचा हे ठरवताना ते घरचं लग्न जुळवल्यासारखे गंभीर व्हायचे. ‘‘भावकीत सोयरीक न्हाई,’’ हा त्यांचा कायदा. प्रत्येक गाईची आई, आजी, पणजी त्यांना तोंडपाठ. कानातला बिल्ला न बघता, नुसत्या चालीवरून ते कालवडीचं घराणं सांगत. सुरुवातीला मी गुपचूप रजिस्टर उघडून ताडून पाहायची. एकदाही चुकले नाहीत. तरीही माझ्या पदवीचा ताठा काही गेला नव्हता.

एकदा आबा नात्यातल्या लग्नाला गेले होते. दोन पांढऱ्या कालवडींचे बिल्ले गळून पडले होते, ते मी नव्याने बसवले. दोघी इतक्या सारख्या की रजिस्टरातल्या वर्णनावरून मी अंदाजाने ठरवलं. पुढे त्यातली एक माजावर आली. मी पाखऱ्या नावाच्या वळूला दाखवायचं ठरवलं. आबांनी कालवडीचा कासरा धरला आणि थबकले.

‘‘बाई, ही पाखऱ्याची लेक हाय.’’

‘‘नाही आबा, बिल्ला बघा. पाखऱ्याची लेक ती पलीकडची.’’

‘‘बिल्ला तुमी लावला. चाल देवानं दिलीय. पाय कसा टाकती बघा की.’’

माझ्यामागे दोन गडी ऐकत उभे होते. मी आवाज चढवून म्हणाले, ‘‘आबा, इथं रजिस्टर चालतं.’’ आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मान खाली घालून, पाखऱ्याला आणेपर्यंत कालवडीचा कासरा घट्ट धरून ठेवला. डॉक्टरच्या शब्दापुढे जायचं नाही, ही त्यांची चाकरीची रीत होती.

नऊ महिन्यांनी त्या कालवडीचं वासरू जन्माला आलं ते आंधळं, पुढचे पाय आत वळलेले. उभं राहता येईना. आबा त्याला मांडीवर घेऊन बोटाने चीक पाजत होते. चौथ्या दिवशी ते गेलं. आबांनी मला एकदाही बोल लावला नाही. स्वतःशीच मात्र पुटपुटले, ‘‘कासरा सोडायला पायजे हुता मी.’’

वासरावरून बिल्ल्यांची अदलाबदल उघडी पडली आणि चौकशीला मोठे साहेब आले. आबांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते, आणि त्यानंतरही त्यांना रोजावर गोठ्यातच ठेवायचं साहेबांनी कबूल केलं होतं. आबांना तेवढंच हवं होतं. साहेबांनी विचारलं, बिल्ले कुणी बदलले? मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, ‘‘म्या. नजर गेली साहेब आता.’’ मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. बाहेर आल्यावर विचारलं, असं का केलंत? म्हणाले, ‘‘तुमच्या हाताखालून अजून लई गाई जायच्यात. माझ्या जाऊन झाल्या.’’ मला सुटल्यासारखं वाटलं. आज त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

नजर गेलेल्या माणसाला गोठ्यात कोण ठेवणार? दोन महिन्यांनी आबा गावी गेले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पूर्वी गावात कुणी बैल घ्यायला निघालं की आबांना बरोबर घेतल्याशिवाय बाजाराची वाट धरत नसे. आता त्यांना कुणी बोलवेना. एकदा शेवगावच्या बाजारात भेटले, जनावरांच्या दावणीपासून लांब, चहाच्या टपरीवर. गाईंची नावं घेऊन एकेकीची खुशाली विचारली. मी म्हटलं, ‘‘बैल बघायला नाही आलात?’’ हसून म्हणाले, ‘‘माझी नजर गेली न्हवं!’’ तेव्हाही मी फक्त चहा पाजला.

मग माझी बदली नगरला झाली. सावेडीत राहते, स्कूटरवर कचेरीत जाते. मागच्या वर्षी आबांच्या मुलाचा फोन आला, आबा गेले म्हणून. मी दहाव्याला गेले. आमच्याकडे दहाव्याला माईकवरून श्रद्धांजलीची भाषणं होतात. एक जण बोलला, ‘‘आबा मोठा जाणकार, शेवटी तेवढी नजर फसली, पण वय कुणाला चुकलंय?’’ माणसं माना डोलावत होती. मुलाने माझ्याही हातात माईक दिला.

मी म्हणाले, ‘‘त्या कालवडींचे बिल्ले मी चुकवले होते. आबांनी चालीवरून ओळखून मला अडवलं होतं. मी ऐकलं नाही, आणि त्यांनी माझी चूक अंगावर घेतली. आबांची नजर कधीच गेली नव्हती.’’

मी माईक खाली ठेवला. बायकांत बसलेल्या आबांच्या पत्नी उठून आल्या. मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील. त्यांनी माझा हात धरला, कितीतरी वेळ धरून ठेवला.

‘‘बरं झालं सांगितलं बाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पर धा दिवसांमागं त्यांनी ऐकलं असतं.’’