दहाव्या मजल्यावरचं अंगण

"आई गेली गो... झोपेतच," हिरामावशीची सून सुनीता फोनवर एवढंच बोलली. त्याला आता महिना उलटून गेला.

मावशीचं-माझं रक्ताचं नातं नव्हतं. आम्ही साताऱ्याहून नेरूळच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा मी चार वर्षांची होते आणि बोलत नव्हते. आई-बाबा नोकरीला, सांभाळायला ठेवलेली बाई टीव्हीसमोर, दार दिवसभर बंद. डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, हिला माणसांत ठेवा. दारावर मासळी घेऊन येणाऱ्या हिरामावशीने हे ऐकलं आणि आईला म्हणाली, "माझ्याकडं दे तिला. आमच्या अंगनात गप कोन ऱ्हातंय?"

सारसोळ्याच्या कोळीवाड्यातलं ते अंगण मला अजून स्वप्नासारखं दिसतं... वाळत घातलेल्या जाळ्यांतून झिरपणारं ऊन, जवळा, म्हणजे बारीक सुकी कोलंबी, निवडणाऱ्या बायका, मध्येच भांडण, मध्येच हसू. मला कुणी "बोल" म्हटलं नाही. मी उत्तरं देतेच आहे अशा थाटात सगळ्या माझ्याशी बोलायच्या. एका दुपारी मी म्हणाले, "पानी दे." मावशीने काहीच न घडल्यासारखा तांब्या पुढे केला. संध्याकाळी आईला मात्र तिने ते तीनतीनदा सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी मावशीचं घर पाडलं आणि मुलाने तिला टॉवरमध्ये दहाव्या मजल्यावर आणलं. स्वतःची खोली, खिडकीत खाडी... पण ती हळूहळू बोलेनाशी झाली. नावं विसरली. मी गेले तर मलाच "कोन हाय?" म्हणाली. शेवटी सुनीताने दार उघडं टाकलं, पॅसेजमध्ये चटई अंथरली आणि मावशीच्या जुन्या गल्लीतल्या दोन मैत्रिणींना जवळा निवडायला वर आणलं. वासाची तक्रार करायला समोरच्या फ्लॅटमधल्या आजी तावातावाने बाहेर आल्या. मावशीने मान वर केली. "उभी कशाला? बस ना गो."

कित्येक महिन्यांतलं तिचं ते पहिलं सबंध वाक्य. आजी बसल्या... आणि मग रोज बसू लागल्या.

माझं नाव मावशीला शेवटपर्यंत आठवलं नाही. पण मी गेले की ती चटईवर सरकून जागा करायची, आणि मागची गोष्ट पुढे चालू करावी तसं बोलायची.

परवा गेले तर दार उघडंच होतं. पॅसेजमधल्या चटईवर आजी लसूण सोलत होत्या. भिंतीला टेकून बसायची मावशीची जागा रिकामी होती. "तिथंच बस," सुनीता म्हणाली. मी बसले. भिंत उन्हाने कोमट झाली होती. आजींनी काही न विचारता मूठभर लसूण माझ्या ओंजळीत ठेवला आणि त्या बोलू लागल्या...