घोडीच्या दारात वाल सोलताना

हिरामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळोज्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत उभी होते. पहिल्या पाळीचा नमुना समोर होता, यंत्रावरचा आकडा स्थिरावायचा होता. फोनवर तबेल्याचे इक्बालभाई म्हणाले, "मॅडम, मावशी गुजर गयी. सकाळी अंगणात पाणी तापवत होत्या, बसल्याजागी कलंडल्या." मी "बरं" म्हणाले. आकडा स्थिरावला, तो वहीत लिहिला, पुढचा नमुना घेतला. दुपारी पाळी संपल्यावर विचुंब्याला त्यांच्या घरी गेले तोवर सगळं उरकून माणसं परतली होती. ओट्यावर बायका बसल्या होत्या, त्यांच्यात थोडा वेळ बसले आणि उठून आले. रडू आलं नाही. आता पाच आठवडे होऊन गेले, अजूनही आलेलं नाही… म्हणून हे लिहायला बसले आहे असंही नाही. कुणीतरी लिहायला हवं, आणि त्यांच्या घरात लिहिणारं कुणी नाही.

आमची ओळख झाली ती माझ्या घोडीमुळे. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. आईचं लांबलेलं आजारपण संपलं आणि माझे रविवार एकदम मोकळे झाले. काय करायचं कळेना म्हणून घोडेस्वारी शिकायला नाव घातलं. दोन वर्षं शिकले, बरी बसायला लागले. मग माथेरानच्या एका घोडेवाल्याचे गुडघे गेले, त्याला आपली घोडी चांगल्या हाती द्यायची होती, आणि मी कुणालाही न विचारता ती घेतली. मैना तिचं नाव. तांबूस अंग, काळी आयाळ, आठ वर्षांची. विचुंब्याच्या पुढे नदीकडे जाणाऱ्या वाटेवर इक्बालभाईंचा छोटा तबेला आहे, तिथं तिला ठेवलं. ठाण्याचा भाऊ म्हणाला, "ताई, तू कुत्रा पाळायचास ना!" कारखान्यात माझं नाव 'घोडेवाल्या मॅडम' पडलं आणि मला ते आवडतही होतं.

तिसऱ्याच आठवड्यात पडले. नव्या इमारतीचं काम चाललं होतं तिथून जाताना निळी ताडपत्री वाऱ्यानं फडकली. मैना एका अंगाला उडाली आणि मी दुसऱ्या. डाव्या खांद्याचं हाड मोडलं. घोडी दोन पावलांवर उभी राहून माझ्याकडे बघत होती, तिची काहीच चूक नव्हती. हाड दोन महिन्यांत जुळलं. पण त्यानंतर मी तिच्या जवळ जाऊ शकेना. स्वारीचं तर सोडाच, तिच्या खोपट्याच्या आत पाऊल टाकता येईना. दर रविवारी गाजरं घेऊन जायची, ती दाराबाहेरून आत टाकायची, इक्बालभाईंशी तिच्या नालांबद्दल, जंताच्या औषधाबद्दल जाणकारासारखं बोलायची आणि परत यायची. कुणी विचारलं तर सांगायची, डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही. डॉक्टरांनी केव्हाच दिली होती.

हिरामावशी तबेल्यात लीद न्यायला यायच्या. नदीकाठी त्यांचा भाजीचा तुकडा होता, त्याला खत म्हणून. सत्तरीच्या, बारक्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, डोक्यावर घमेलं. मला त्या लांबून 'म्याडम' म्हणायच्या आणि मी मान हलवायची, इतकंच. एका रविवारी मी गाजरं टाकत असताना त्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"बाहेरनंच का टाकतेस गो? देवाला फुलं टाकतेस का काय?"

मी म्हणाले, "मी पडले होते ना."

"म्हायती हाय. सगल्या गावाला म्हायती हाय. पन ती तर उभी हाय गप. तुजीच घोरी ना?"

का कोण जाणे, त्यांना डॉक्टरांचं सांगता आलं नाही. मी म्हणाले, "मावशी, मला भीती वाटते." हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. विकायला काढलीय हेही सांगून टाकलं. एक गिऱ्हाईक चौथ्या रविवारी येणार होतं. लग्नाच्या वरातींना घोड्या पुरवणारा माणूस होता तो.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग घमेल्यातली लीद एका बाजूला ओतली, घमेलं खोपट्याच्या दारात उपडं घातलं आणि म्हणाल्या, "भ्या वाटतं तर वाटू दे. वर बसायला कोन सांगतंय तुला? हिथं खाली बस." मी बसले. त्या घरी जाऊन मोड आलेल्या वालांचं भांडं घेऊन आल्या, स्वतः जमिनीवर टेकल्या आणि भांडं दोघींच्या मध्ये ठेवलं. "सोल."

रायगडातल्या माणसाला वाल सोलणं सांगायला नको. दाणा दोन बोटांत धरायचा, हलकं दाबायचं, साल सुटून येते. मोड मोडू द्यायचा नाही. मला ते धड येत नव्हतं, आई असताना तीच सोलायची. त्यामुळे माझं सगळं लक्ष बोटांकडे. पाठीमागे मैना फुरफुरत होती, तिचा उष्ण श्वास मानेवर यायचा, मी ताठ व्हायची, मावशी भांड्यातून मान वर न काढता म्हणायच्या, "सोल गो, सोल." घोडीनं भांड्यात नाक घालायला बघितलं की त्या कोपरानं तिचं तोंड बाजूला सारायच्या, घरातल्या मांजराला सारावं तसं. तासभर आम्ही बसलो. निघताना माझ्या लक्षात आलं की मी एक तास त्या दारात होते.

पुढच्या रविवारी घमेलं दाराच्या आत सरकलं होतं. त्या दिवशी मावशींनी त्यांची गोष्ट सांगितली. त्यांचा नवरा पनवेलला टांगा चालवायचा, स्टेशनवरून गावात. रिक्षा आल्या आणि टांगे गेले, पण लग्न होऊन आल्या तेव्हा दारात घोडा होता. पहिल्याच वर्षी तो त्यांना चावला. पदर सरकवून त्यांनी खांद्यावरचा व्रण दाखवला, अजून चंद्रकोरीसारखा दिसत होता. "मी घोऱ्याच्या अंगणातनं जायची नाय. पानी ठेवायची तर बादली लांबून ढकलायची. सासूनं बगितलं. काय बोलली नाय. तांदलाचं सूप दिलं नि त्याच्या पुढ्यात बसवली. म्हनली, निवड. रोज तितंच बसून निवडायचं."

"मग भीती गेली?"

मावशींनी थोडा विचार केला. "गेली का नाय ते नाय ठाव. तांदूल मातर सगले निवडून झाले."

चौथा रविवार आला. गिऱ्हाईक ठरल्या वेळेला गाडीतून उतरलं आणि म्हणालं, "घोडी बाहेर काढा, चालवून दाखवा." इक्बालभाई नेमके एका आजारी घोड्यासाठी कर्जतला गेले होते. तबेल्यात मी, तो माणूस आणि विळा घेऊन गवत कापत बसलेल्या मावशी. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मानही वर केली नाही. तो माणूस घड्याळ बघायला लागला. शेवटी मी खुंटीवरची दोरी घेतली आणि आत गेले. तोंडावरून मोरखी चढवताना बक्कल दोनदा निसटलं. मैनानं मान खाली केली आणि मला हवा तितका वेळ ती तशीच धरून ठेवली. मी तिला बाहेर आणलं. मोकळ्या जागेत एक फेरी, दुसरी फेरी. तो माणूस म्हणाला, "जनावर शांत आहे. घेतो." आणि मी म्हणाले, "विकायची नाही."

तो बरंच काही बोलून गेला, त्याचंही बरोबरच होतं. त्याची गाडी धुरळा उडवत गेल्यावर मावशींनी विळा खाली ठेवला. "मी मुद्दाम नाय आयली पुढं," म्हणाल्या. "मी आयली असती तर तू घोरी विकली असतीस."

घोडीवर बसायला त्यानंतरही चार महिने लागले. आधी खरारा, मग खुरं साफ करणं, मग नुसतं खोगीर चढवून उतरवणं. इक्बालभाईंना घाई असायची, "मॅडम, बस एक बार हिंमत करा." मावशींना कशाचीच घाई नव्हती. ज्या दिवशी मी रिकिबीत पाय घातला त्या दिवशी त्या शेजारी उभ्या होत्या, आणि मग दर रविवारी नदीपर्यंत शेजारून चालत यायच्या. लगाम धरायच्या नाहीत. एक हात घोडीच्या मानेवर, आणि तोंडाची टकळी चालू. ही बिल्डिंग उभी आहे तिथं आमची खाचरं होती, त्या सोसायटीच्या फाटकापाशी माझ्या नणंदेची विहीर होती… कुरकुर नसायची त्यात. कुणाचं लग्न कुठं झालं ते सांगावं तसं सांगायच्या. मी वरून ऐकायची. ऐकता ऐकता पाठीचा कणा सैल व्हायचा आणि माझ्या लक्षातही यायचं नाही.

आता जे सांगायचं ते थोडं जड जातंय.

माघातली सकाळ होती. नदीवरून परतताना मावशी एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "एक डाव मला बसव गो." मला आधी कळलंच नाही. "टांगेवाल्याची बायको मी, जलम त्याच्या घोऱ्याला पानी दावन्यात गेला. पाठीवर कंदी नाय बसली. आमच्यात बाया कुटं बसायच्या?" त्या हसत होत्या, पण नजर घोडीच्या पाठीवर होती. मी म्हणाले, "मावशी, अहो तुमचं वय… गुडघे दुखतात ना तुमचे? पडलात तर केवढ्याला पडेल? घरचे मला काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, "बरं." आणि चालायला लागल्या. पुढच्या वळणावर पुन्हा कुणाच्या तरी विहिरीची गोष्ट सुरू झाली. पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. मला त्या वेळी आपण जबाबदारीनं वागलो असंच वाटलं होतं. दोन महिन्यांनी त्या गेल्या.

त्यानंतर मी रविवारी तबेल्यात जात राहिले. घोडीला खरारा केला, खुरं बघितली, गवत टाकलं. बसले मात्र नाही. भीती वाटत होती असं नाही. काहीच वाटत नव्हतं. इक्बालभाईंनी दोनदा विचारलं आणि मग सोडून दिलं.

गेल्या शनिवारी मावशींच्या सुनेचा, रेश्माचा फोन आला. भाजीचा तुकडा तिनं चालू ठेवायचं ठरवलंय, लीद मिळेल का? मी म्हटलं, मीच आणून देते. संध्याकाळच्या उन्हात दोन गोणी गाडीत घालून गेले. रेश्मानं चहा टाकला आणि मला मावशींच्या खोलीत बसवलं. लहानशी खोली. दोरीवर अजून त्यांची लुगडी वाळत घातल्यासारखी टांगलेली. पलंगावर गोधडीची घडी. भिंतीवर नवऱ्याचा फोटो, टांग्याच्या पुढच्या बैठकीवर, हातात चाबूक.

रेश्मा कप देऊन उंबऱ्यात बसली. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आई घोडीवर बसल्या तेव्हा घाबरल्या होत्या का हो?"

मी कप खाली ठेवला. "कोणी सांगितलं?"

"त्याच सांगायच्या. सगळ्या आळीत सांगून आल्या होत्या. मॅडमनी बसवलं, दोरी मॅडमच्या हातात, पार नदीपर्यंत गेले आणि परत आले. हे म्हणायचे, आई, थापा मारू नको. तर रुसून बसायच्या." तिनं डोळ्यांना पदर लावला आणि हसली. "आमाला काय, खरंच वाटलं नाय कधी. आता वाटतं, विचारून तरी घ्यावं."

फोटोतला माणूस समोर बघत होता. बाहेर कुणीतरी नळाखाली बादली लावली, ती भरून वाहायला लागली.

"नाही," मी म्हणाले. "घाबरल्या नाहीत."

"खरंच बसल्या होत्या?"

"खरंच. माघात. पदर कमरेला खोचला होता. आधी आयाळ घट्ट धरली होती, मग सोडली. ताठ बसल्या होत्या."

"काय म्हणाल्या?"

मी कप पुन्हा उचलला. मग म्हणाले, "काही नाही. गप्प होत्या. जाऊन येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत."

"आई? गप्प?" रेश्मा मोठ्यानं हसली, आणि हसता हसताच तिचा आवाज फुटला. "मग खरंच बसल्या असतील."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी सकाळीच तबेल्यात गेले. मैनाला बाहेर काढलं, खोगीर घातलं, पट्टा आवळला, रिकिबी बुटक्या माणसाच्या मापानं वर घेतल्या. इक्बालभाई दारात आले. "आज बैठणार, मॅडम?" मी मान हलवून नाही म्हटलं. दोरी हातात घेतली आणि नदीच्या वाटेला लागले. रिकामं खोगीर घेऊन घोडी माझ्या मागे, मी पुढे, सत्तरीच्या बाईला धक्का बसू नये इतक्या बेतानं. सोसायटीच्या फाटकापाशी दूधवाला थांबून बघत राहिला. खड्डा आला तिथं मी घोडीला कडेनं घेतलं. नदीत पाणी थोडंच होतं. मैनानं पुढचे पाय त्यात घातले, मान खाली केली. मी दोरी सैल सोडून तिचं होईपर्यंत उभी राहिले. मग तिला हळू वळवलं आणि परत घेऊन आले.