माजलगावची जामीनचाची

जामीनचाची कुणालाही जामीन राहायच्या आधी त्याच्या घरच्यांशी भांडायची. माजलगावच्या बाजारात तिचा फळांचा गाडा होता, पण लोक तिला ओळखायचे ते तिच्या या दुसऱ्या उद्योगामुळे. तुरुंगातल्या माणसाला काही दिवसांची रजा मिळायची तर बाहेर कुणीतरी हमी घेणारा लागतो. माणूस मुदतीत परत गेला नाही, की पोलीस आधी त्या जामीनदाराचं दार वाजवतात. अशा वेळी सख्खे मेहुणेसुद्धा अंग काढून घेतात. चाची मात्र हसतखेळत जामीन राहायची. फक्त आधी भांडायची.

माझे वडील, म्हणजे आमचे दादा, जन्मठेप भोगत होते. बांधाच्या भांडणात त्यांच्या हातून सख्ख्या भावाचा, माझ्या काकांचा, जीव गेला. हे मी तेव्हा लपवलं नाही, आता काय लपवू? आई मला घेऊन पहिल्यांदा गाड्यापाशी गेली तेव्हा चाचीने सगळं ऐकून घेतलं, पपईवरची माशी हाकलली आणि म्हणाली, “सख्ख्या भावाला मारणारा तो. त्याला बाहेर आणून काय पूजा करणार हाय का? राहू दे की आतच.” माझी आई म्हणजे गरीब गाय, चार माणसांत तोंड न उघडणारी. ती अशी काही भडकली की मीच दचकले. “तुमी कोण ओ ठरवणार? चुकलं त्यांचं, भोगतेत. माझा नवरा हाय तो. घरी आला तर काय करायचं ते मी बघून घेईन.” आजूबाजूची गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. चाची गालातल्या गालात हसली, कलिंगडाची फोड कापून आईच्या हातात दिली आणि म्हणाली, “बस बेटा. सही कुठं करायची तेवढं सांग.”

पुढे ओळख वाढल्यावर मी तिला विचारलं, आधी भांडता कामून? तिचं उत्तर तयार होतं. “जे घर आपल्या माणसासाठी भांडत न्हाई, ते त्याला सांभाळणार कसं? नुसतं रडणाऱ्याला मी सही देत न्हाई. रडून झालं की माणूस झोपी जातंय.” तिचा धाकटा भाऊ कधीकाळी असाच आत होता. आई वारली तेव्हा जामीनदार मिळेना म्हणून मातीला यायचा राहिला. एवढं एकदाच सांगितलं तिने, आणि लगेच केळीवाल्याशी हुज्जत घालायला लागली.

चाची भेटायच्या आधी दादांचा एक अर्ज फेटाळला गेला होता. कारण ऐकून हसावं की रडावं तेच कळेना. चौकशीला आलेला हवालदार नेमका उसाच्या हंगामात आमच्या गावात पोचला. वडवणीकडचं आमचं गाव दिवाळी झाली की टोळ्यांबरोबर ऊसतोडीला निघतं. मागे उरतात चार म्हातारे, शेळ्या आणि दारांची कुलपं. त्याने कळवलं, घर बंद, शेजारी मिळाले नाहीत, हमी घ्यायला कुणी नाही. अहो, गाव ऊस तोडायला गेलंय, पळून नाही गेलं. पण हे सांगणार कोण?

दुसरा अर्ज चौकशीला आला तोही हंगामातच. या खेपेला चाची स्वतः हवालदारापुढे जाऊन उभी राहिली. “साहेब, तिकडं कशाला मोटारसायकल झिजवता? गाव तिथं न्हाई, हितं हाय. कारखान्याच्या पलीकडं पाचटाच्या कोप्या घालून बसलंय. चला, दाखवते.” तिने त्याला थेट उसाच्या फडात नेलं. डावीकडचे शेजारी, उजवीकडचे शेजारी, भावकी, सगळे सरीतून उठून आले आणि हातातले कोयते तसेच धरून सांगायला लागले की दादा लई शांत माणूस आहे. हवालदार दोन पावलं मागे सरकून जबाब लिहून घेत होता. चाची त्याला समजावत होती, “घाबरू नका ओ, ऊस तोडायचे हायत ते.” रजा मंजूर झाली.

रजेवरच्या कैद्याला रोज ठाण्यात हजेरी द्यावी लागते. चाचीचा नियम त्याच्यावर कडी करणारा. “सरकारची हजेरी सकाळी, माझी दिवस मावळताना.” दादा तिच्या गाड्यामागे स्टुलावर बसायचे, ती त्यांना मोसंबी पुसायला लावायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, “हा माझा माणूस हाय, भाव कमी करायचा न्हाई.” पहिल्याच संध्याकाळी तिने त्यांना बजावलं, “पळायचं असलं तर सांगून पळ बाबा. वाटंला दशम्या बांधून देते.” दादांना कळेना, हसावं की पाया पडावं. मग ते हसले. इतक्या वर्षांत मी त्यांचं हसणं विसरूनच गेले होते.

परत जायच्या दिवशी गरजेपेक्षा आधीची एसटी गाठून द्यायची, हा तिचा आणखी एक हट्ट. एकदा एसट्या बंद पडल्या, तर तिने दादांना सरळ कलिंगडाच्या टेम्पोत चढवलं. तुरुंगाच्या दारावर शिपायाने विचारलं, माल उतरवायला आलास का? दादा म्हणाले, “न्हाई साहेब, मीच माल हाय.” हा किस्सा चाचीने बाजारात इतक्यांदा सांगितला की शेवटी माणसं तिला पाहून रस्ता बदलायची.

खरी परीक्षा पुढे आली. बरीच वर्षं भोगल्यावर दादांचं नाव मुदतीआधी सुटकेसाठी तुरुंगाच्या सल्लागार मंडळापुढे गेलं. मंडळ तुरुंगातली वागणूक बघतं, रजेवरून वेळेवर परतला का ते बघतं. तिथे आमची बाजू पक्की होती. पण ज्यांचं माणूस गेलं त्यांनाही विचारतात, आणि माझी काकू आमच्या सावलीलाही उभी राहत नव्हती. दादांची म्हातारी आई तिच्याकडेच असायची, अंथरुणाला खिळलेली. काकूने हरकत घेतली तर सगळं मुसळ केरात.

चाची काकूकडे जायला लागली. पेरू न्यायची, म्हातारीला भरवायची, गप्पा मारायची आणि दादांचं नावसुद्धा न काढता परत यायची. मी चिडले. म्हटलं, एवढ्या लांब जाता आणि मुद्द्याचं बोलत नाही? ती पहिल्यांदाच माझ्यावर खेकसली. “तिचा नवरा गेलाय. माफ कर म्हणणारी मी कोण? आन् तू तरी कोण?”

मंडळाकडून गृहचौकशीला एक तरुण अधिकारी बाई आल्या तेव्हा चाची काकूच्याच ओट्यावर होती. मी आणि आई समोर, रस्त्यावर. बाईंनी विचारलं, तुमची काही हरकत आहे का? काकूने आत म्हातारीच्या अंथरुणाकडे पाहिलं. मग म्हणाली, “माफ न्हाई केलं मी. करणार बी न्हाई. पण सासूबाईचं हागणं-मुतणं मी एकटी काढते. ती काय माझ्या एकटीची हाय का? एक लेक तिचा गेला, दुसरा सरकारचं खात बसलाय. धाडून द्या त्याला घरी. करू द्या आईचं.”

बाई खाली मान घालून लिहीत राहिल्या. चाचीने पदर तोंडाला लावला होता. हसताय का रडताय, मी नंतर विचारलं, तर म्हणाली, दोन्ही.

दादा सुटून आले आणि रोज सकाळी काकूच्या दारात जायला लागले. काकू पाण्याची बादली बाहेर ठेवायची, एक शब्द बोलायची नाही आणि शेताकडे निघून जायची. दादा आईला आंघोळ घालायचे, वेणीसुद्धा घालायला शिकले. म्हातारी त्यांच्या हातावर सुखाने गेली.

चाची मागच्या उन्हाळ्यात गेली. बाजार बंद राहिला. मी कोपऱ्यावर उभी होते, तिथून जनाजा दिसत होता. खांदा घ्यायला ही झुंबड. फळवाले होते, मेकॅनिक होते, आणि तिच्या सहीवर कधी ना कधी घरी आलेली माणसं होती. चाचीच्या समाजाची रीत अशी, की चार पावलं चालायचं आणि खांदा दुसऱ्याला द्यायचा. दादा सोडेनात. चाचीच्या भाच्याने हळूच सांगितलं, “चाचा, बदला आता. रिवाज हाय.”

दादा म्हणाले, “तिनं खांदा बदलला का कधी?”

कबरस्तानापर्यंत भाचा दादांच्या शेजारून चालत राहिला.