मामांची अर्धी दाढी

मामा बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, गालाकडे बघत. सकाळी क्रांती चौकात शेंद्र्याच्या कंपनीच्या बसची वाट बघत तुम्ही उभे असतात, तर तुमचाही निकाल लागला असता. "साहेब, कानाखाली ब्लेड ओढलंय. गाल नको म्हणत व्हता, तुमी ऐकलं नाय."

सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणायची; ते टूलरूममध्ये होते, मी स्टोअरमध्ये. मामांचं घर मूळचं करमाडच्या पलीकडच्या मेंढपाळांचं. लोकर कातरताना मेंढीला ओरखडा उठला, तर कातरणाऱ्याला त्या दिवशी भाकर नाही, असा आजोबांचा कायदा होता. धारेचं वेड तिथूनच आलं. लोकांच्या घरात गंजून पडलेले जुने वस्तरे आणायचे, ओल्या दगडावर घासायचे, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचे आणि दाढीला लायक करून परत द्यायचे, हा मामांचा सुट्टीचा उद्योग. पट्ट्यावर वस्तरा फिरवायचं काम त्यांच्या लेकीकडे असे. ती पाचवीत असल्यापासून.

परीक्षा मात्र स्वतःच्या डाव्या गालावर. वस्तऱ्यानं जरा जरी केस ओढले, की तिथंच थांबायचं, फेस पुसायचा आणि कामावर निघायचं. उरलेली दाढी त्याच वस्तऱ्यानं, तो पास झाल्यावर. दुसरं पातं लावायचं नाही. "उष्टा गाल दुसऱ्या वस्तऱ्याला नाय देत आपण," असं ते इतक्या गंभीरपणे सांगत की हसायची चोरी. एकदा मोठे साहेब टूलरूम बघायला आले आणि मामांच्या अर्ध्या चेहऱ्यासमोर अडखळले. मामा शांतपणे म्हणाले, "काम चालू हाय, सर."

असा हा माणूस, आणि त्याच्या लेकीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं असताना मी मूर्खासारखा माझ्या वडिलांचा वस्तरा त्याच्या हातात दिला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. कपाट आवरताना तो सापडला, पात्यावर गंज, टोकाजवळ एक खाच. मी म्हटलं, "सावकाश करा, लग्न होऊ द्या आधी." मामांनी पातं उन्हात धरलं आणि माझं बोलणं त्यांच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

चार दिवसांत खाच गेली. लोंबता केस पात्याला टेकवला की तुटायचा. टूलरूमचं भिंगही उत्तम म्हणालं. "भिंग काय बी सांगंल, गालाला इचारू," म्हणत मामांनी फेस लावला, आणि वस्तऱ्यानं केस ओढले. पुन्हा दगड, पुन्हा पट्टा, पुन्हा ओढले. लग्न आठवड्यावर आलं आणि मामा अर्धे.

मामी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. लेक बोलायची, पण दातओठ खाऊन. "काका, लग्नाच्या फोटोत पप्पा असे दिसले ना, तर मी तुमच्या घरी येऊन बसीन." हळदीला बायकांनी मामांच्या फक्त डाव्या गालाला हळद लावली. सगळे हसले. लेक तेवढी हसली नाही.

लग्नाच्या आदल्या दुपारी मामांचा फोन आला. "साहेब, वडील डावरे व्हते का?"

"छे हो. उजव्या हातानं लिहायचे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मग आठवलं. शाळेत बोटांवर छड्या मारून त्यांना उजव्या हाताला वळवलं होतं, हे आजी सांगायची. आणि न्हाणीघराच्या दारातून मी रोज बघितलेली त्यांची दाढी! वस्तरा डाव्या हातात असायचा. तिथं त्यांना कोणी मारणारं नव्हतं. माझ्या बापाची ही एक गोष्ट मी विसरलो होतो, आणि त्यांना कधीही न पाहिलेल्या माणसानं ती लोखंडात वाचली. मी लगेच फोन करून सांगितलं.

"तरीच," मामा म्हणाले. "पातं एकाच अंगानं झिजलंय. मी आपला त्याला सरळ करत बसलो, टूलरूमची खोड! आता त्यांच्याच वळणानं धार लावतो."

लग्नाच्या सकाळी मंगल कार्यालयातल्या खोलीत गेलो. मामा प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले, तोंडाला फेस. डावा गाल गुळगुळीत झाला होता. "व्हय म्हणाला," एवढंच ते बोलले. पण वस्तरा मांडीवर होता. बाहेर नवरदेवाकडची मंडळी आल्याची गडबड ऐकू येत होती, तरी ते तो उचलत नव्हते.

लेक शालू सावरत आत आली. मुंडावळ्या बांधलेल्या, हातभर हिरवा चुडा. "पप्पा, हात दाखवा."

हात थरथरत होता.

"थंडी हाय जरा," मामा म्हणाले.

"एप्रिलात?"

तिनं बांगड्या कोपराकडे सारल्या आणि वस्तरा उचलला. मामांनी आपल्या गळ्याजवळ दुसऱ्याचा हात कधी येऊ दिला नव्हता. पण त्यांनी मुकाट्यानं मान वर केली आणि डोळे मिटले. उजवा गाल झाला, हनुवटी झाली. तिचा हात एकदाही अडला नाही. ती गळ्याशी आली तेव्हा मामांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी सुटलं आणि गालावरून खाली आलं.

"पप्पा, रडू नका ना," ती ओठ घट्ट दाबत म्हणाली, "फेस वाहून चाललाय."