हन्नामावशीची बिनलोण्याची टॉफी

हन्नामावशीच्या चुलीवर टॉफीचं पातेलं असताना तिच्या स्वयंपाकघरात शिरलेल्या माणसाला पातेलं उतरेपर्यंत बाहेर पडता येत नसे. "आलीस ना? मग बस आता. तुमची ये-जा सुरू झाली की माझं लक्ष उडतं आणि साखर जळते," असं म्हणून ती पायानेच पाट पुढे सरकवायची. मी लग्न होऊन नागावात आले त्याच आठवड्यात शेजारी तिच्याकडे विरजण मागायला मागच्या दाराने गेले आणि अशी अडकले. नवी नवरी गेली कुठे म्हणून घरी शोधाशोध होणार, आणि ही बाई आपली शांतपणे पळी फिरवतेय! शेवटी सासूबाई हाका मारत आल्या, तर त्यांनाही पाट मिळाला.

हन्नामावशी बेने इस्राएल, म्हणजे आमच्या कोकणातली ज्यू होती. शनिवारी तिची चूल पेटत नसे आणि घरातून प्रार्थनेचे सूर ऐकू येत, एवढं सोडलं तर तिच्या-आमच्यात फरक शोधावाच लागला असता. तशीच नऊवारी, तसंच वालाचं बिरडं, तसंच फणसावरून भांडण. तरुणपणी ती मुंबईत एका इस्पितळात नर्स होती. नाताळात तिथली गोरी मेट्रन सगळ्यांसाठी टॉफी करायची, ती हिने उभ्या उभ्या शिकून घेतली. नवऱ्यामागे एकटीने मुलाला वाढवलं, मॅट्रिक केलं, त्याला मुंबईत नोकरी लागली तशी गावी परतली. "मेट्रनचा हात चांगला होता गं, पण लोणी बिचारीचं डब्यातलं. ताराच्या म्हशीचं लोणी तिला मिळालं असतं ना, तर परत विलायतेला गेलीच नसती," असं ती म्हणायची. तारा म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना नुसतं नावाने हाक मारणारी गावात ही एकटीच.

टॉफीला तिला लागायचं तरी काय? लोणी, साखर, ओंजळभर दूध आणि चिमूटभर मीठ. साखर रेशनची, म्हणून पातेलं काही रोज चढत नसे. चुलीत करवंट्या घालायची, कारण त्यांची आच एकसारखी. पाक बदामी झाला की शेजारच्या वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकायची. "मऊ पडला तर गप्प बसायचं. कडक झाला तर पळायचं!" आणि खरंच, त्या क्षणी ती वयाचं भान विसरून पातेलं उचलून धावायची, तूप लावलेल्या परातीत ओतायची आणि सुरीने भराभर रेघा मारायची. आमच्या खाऱ्या हवेत टॉफी उघडी राहिली की चिघळायची, म्हणून तुकडे लगेच पतंगाच्या कागदात बांधून डब्यात जायचे. तोंडात टाकलेली पहिली टॉफी मला अजून आठवते. मेलं काय ते सुख! आधी करकरीत, मग हळूहळू लोण्यासारखी मऊ.

तिची आणखी एक टॉफी होती, नारळाच्या दुधाची. तिला पातेलंसुद्धा वेगळं. त्यांच्यात मटणाच्या जेवणात दूध-दुभतं चालत नाही, आणि जेवणानंतरही काही तास तोंडात घालायचं नाही. त्यामुळे त्यांच्या कार्याला, जिथे मटण असायचंच, ही बिनलोण्याची टॉफी व्हायची. चवीला बरी, पण लोण्याच्या टॉफीची सर हिला नाही. हे मी मावशीच्या तोंडावर एकदा बोलले, तर म्हणाली, "अगं, नेम म्हटला की जिभेला थोडं ऐकावं लागतं."

पन्नास साल उलटल्यावर त्यांची घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. आज रेवदंड्याचं कुटुंब गेलं, उद्या अलिबागचं. सगळे इस्राएलला. मग एके दिवशी मावशीचा मुलगा दाविदही बायकोला आणि चिमुरड्या रूथला घेऊन निघायचं ठरवून आला. बोट मुंबईहून सुटणार होती. आईचं त्याने परस्पर ठरवूनच टाकलं होतं. "आम्ही जाऊन बस्तान बसवतो. पावसाळा सरला की घर विक आणि तू ये." मावशी त्यावर "बघू" म्हणायची. ती जाणार नाही हे मला ठाऊक होतं, सासूबाईंना ठाऊक होतं, सगळ्या आळीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त दाविदला. रोज सकाळी ती मला सांगायची, "आज बोलते त्याच्याशी." संध्याकाळी विचारावं, तर मान फिरवायची. "तो नातीचे लोकरी कपडे दाखवत होता गं. कसं बोलू?"

असं करता करता निघायचा दिवस उजाडला. प्रवासाला जाण्याआधी त्यांच्यात मलिदा करतात. पोहे, गूळ, खोबरं, फळं ताटात मांडून एलियाहू संदेष्ट्याची प्रार्थना होते. ती झाली, मटणाच्या पंगती उठल्या. दुपारच्या मोटारीने दाविद रेवसला जाऊन मुंबईची लाँच धरणार होता. मागच्या चुलीवर नारळाची टॉफी आटत होती, ती सगळ्यांच्या हातावर ठेवून निरोप द्यायचा. कुणीतरी हाक मारली म्हणून मावशी पळी सासूबाईंच्या हातात देऊन ओटीवर गेली.

सासूबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "हे काय गो? यात लोणी न्हाय?"

"नारळाची आहे ती," मी म्हटलं.

"नारलाची हाय ता दिसतंय मना! पोर सातासमुद्रापल्याड चाललाय, आन् त्याला बिनलोण्याची टॉफी? सरला आसंल लोणी, मागायला लाजली आसंल." आणि मी हां-हां म्हणेपर्यंत त्यांनी दाविदला द्यायला आणलेली वाटी पदराआडून काढली आणि लोण्याचा हा एवढा गोळा पातेल्यात सोडला! मटण-लोणी एकत्र चालत नाही हे त्या जाणून होत्या. पण जेवण आटोपलं, भांडी घासली, आता टॉफीचा आणि मटणाचा काय संबंध, असा त्यांचा हिशेब. मी कपाळावर हात मारला.

मावशी दारातच थबकली. कढत्या लोण्याचा वास लपतो थोडाच? तिने पातेल्याकडे पाहिलं, सासूबाईंच्या तुपकट बोटांकडे पाहिलं. जेवणानंतरही काही तास दूध-दुभतं चालत नाही, हे मी सासूबाईंच्या कानात सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा पडला की बघवेना. "फेकून देते, हन्ने. मेल्या माझ्या हाताला..."

"हात लावू नकोस," मावशी म्हणाली. मग टॉफी परातीत ओतून झाल्यावर पदराला हात पुसत ओटीवर गेली आणि मोठ्याने म्हणाली, "माझ्या हातून लोणी पडलं टॉफीत. आता दिवेलागणीपर्यंत कुणाला खाता येणार नाही. थांबा सगळे."

दाविद वैतागला. "आई, मोटार चुकेल! डब्यात भरून दे, वाटेत खाऊ."

"वाटेत रूथ तासाभरात डबा उघडेल. तिथे जाऊन नेम पाळायला निघालास ना? मग उंबऱ्यातच मोडतोस?"

चरफडत त्याने कोट काढला. बोट सुटायला अजून दोन दिवस होते, म्हणून उद्याची लाँच धरायचं ठरलं. आणि काय सांगू, जी माणसं घड्याळ बघत जेवली होती ती अंगणात पाय पसरून बसली. कुणी जुन्या गोष्टी काढल्या, कुणी गायलं. रूथ आजीच्या मांडीवर झोपली. दाविद आधी घुश्शात होता, मग विहिरीवर गेला, माडाखाली बसला, लहानपणीच्या खोड्या सांगायला लागला. एवढं हसताना मी त्याला त्या आठवड्यात पाहिलं नव्हतं. सासूबाई तेवढ्या मागच्या दाराशी तोंड लपवून बसल्या होत्या.

दिवे लागले. मावशीने टॉफीचा डबा आणला, पहिला तुकडा दाविदच्या हातावर ठेवला. त्याने तोंडात टाकला आणि डोळे मिटले. तेव्हा ती म्हणाली, "दाविद, मी येणार नाही. पावसाळ्यानंतर नाही आणि कधीच नाही."

दाविदने डोळे उघडले. "आपली सगळी माणसं तिकडे चालली, आई. इथे तुझं कोण आहे?"

मावशी उठली, मागच्या दाराशी गेली आणि सासूबाईंना दंडाला धरून ओढत सगळ्यांपुढे घेऊन आली. "लोणी माझ्या हातून नाही पडलं. हिने घातलं. तुला बिनलोण्याची टॉफी मिळू नये म्हणून, मला न विचारता, माझ्या पातेल्यात! तिथे माझ्या पातेल्यात असा हात घालणारं कोण आहे, सांग."

दाविद उठून सासूबाईंसमोर वाकला. "तारामावशी," म्हणाला, "हिला तुमच्यावर सोपवून जातो."

सासूबाई हुंदके देत होत्या. पदराने नाक पुसत त्या म्हणाल्या, "जा तू बिनघोर. पन जायच्या आधी मना येक सांगून जा बाबा, लोणी कशात घालायचा आन् कशात न्हाय!"